न पाहता केलेल्या खुणा

१२ जानेवारी २०२५, रविवार

आईच्या औषधाची वही वेगळी आहे. तिच्यात मी महिन्याचे चौकोन आखलेत आणि रोजची गोळी घेतली की हिरव्या पेनाने बरोबरची खूण करते. नांदेडच्या दवाखान्यातल्या धम्मशीला सिस्टर म्हणाल्या होत्या, काय त्रास होतो तेही लिहीत जा. तेही त्याच वहीत लिहिते. पण काही गोष्टी डॉक्टरांना दाखवायच्या वहीत लिहिता येत नाहीत. त्यांच्यासाठी ही दुसरी.

पहिलीच गोष्ट ही की आज मी आईशी खोटं बोलले.

छातीची गाठ काढली, केमो झाली, रेडिएशनचा शेक झाला. आता रोज एक पिवळी गोळी, पाच वर्षं. नोव्हेंबरात चालू झाली. आजच्या नव्या खोक्यात घडी घातलेला इंग्रजी कागद निघाला, अक्षरं मुंगीएवढी. डिक्शनरी घेऊन बसले, दोन तास गेले. ज्या संप्रेरकावर हा रोग पोसतो ते ही गोळी शरीरात बनू देत नाही. त्यामुळे अंगातून गरम वाफा येतील, झोप उडेल, केस विरळ होतील, सांधे दुखतील, बोटं आखडतील, हाडं ठिसूळ होतील. खाली अजून बरंच होतं.

आई शेजारी शेंगा फोडत होती. "एवढा मोठा कागद. काय लिवलंय गं त्यात?"

"गोळी कोरड्या जागी ठेवा, लहान मुलांपासून लांब ठेवा."

"एवढंच? मग लयच लांबण लावलंय."

"थोडा घाम येईल म्हणतात."

ती परत शेंगांकडे वळली. मी कागदाची घडी करून शाळेच्या पर्समध्ये ठेवली.

केमोच्या आधी मी तिला सगळं वाचून दाखवलं होतं. उलट्या, तोंड येणं, केस जाणं. ती दोन दिवस जेवली नाही आणि पहिला डोस घ्यायच्या आधीच तिला उलट्या सुरू झाल्या. त्या उलट्या माझ्या वाचण्याने झाल्या असं मला अजून वाटतं. घरात वाचता येणारी मी एकटी. अप्पांना आकडे कळतात, जिनिंगमध्ये कापसाच्या गाठींवर घातलेले. आईला तेही नाही. मी जे वाचत नाही ते आमच्या घरात येतच नाही. म्हणून या वेळी नाही वाचलं.

बरोबर केलं असं वाटतं. तरी लिहून ठेवते.

१९ जानेवारी

सेलूत यंदा थंडी कडाक्याची आहे आणि आई दार सताड उघडं टाकून पुठ्ठ्याने वारा घेत बसलेली. मान लाल, केसांच्या मुळाशी घाम. दहा मिनिटांनी तीच शाल मागते.

अप्पा म्हणाले, "शेकोटी करायची गरज न्हाई आता. गौराबाईजवळ बसलं की भागतंय."

"बसा की मग. चाळीस वर्षांत एकदा तरी जवळ बसा," आई म्हणाली.

अप्पा चपला घालून बाहेर गेले. जाताना हसत होते.

वहीत लिहिलं: गरम वाफा, दिवसातून सहा ते सात वेळा.

९ फेब्रुवारी

आईची बोटं आखडायला लागली. सकाळी जास्त. भाकरीचं पीठ मळताना अंगठा वळत नाही, दाराची कडी दोन्ही हातांनी काढते. डाव्या हाताचं मधलं बोट वाकलं की अडकतं, मग उजव्या हाताने सरळ करावं लागतं. डावी बाजू ऑपरेशनची, त्या हाताला आधीच सूज असते.

तिची पूजा त्यामुळे लांबली. आम्ही लिंगायत. आई लग्नाच्याही आधीपासून गळ्यातलं इष्टलिंग रोज सकाळी डबीतून काढते, डाव्या तळहातावर घेते, पाणी, विभूती, बेल वाहते आणि मग बराच वेळ नुसती बघत बसते. तोपर्यंत पाण्याचा घोटसुद्धा नाही. म्हणून गोळी पूजेनंतर. आधी सहाला तिचं उरकायचं आणि मी स्वतः गोळी हातावर द्यायची. आता सात वाजून जातात. माझी शाळा सव्वासातची, पहिलीच्या वर्गाची हजेरी माझ्याकडे.

आज ती म्हणाली, "तू जा माय, मी घेते. पोरं वाट बघत असतील."

दुपारी येऊन पाकीट बघितलं. कप्पा रिकामा. मी खूण केली. डोळ्यांनी न पाहता हजेरी लावायची नाही असं मी शाळेत इतर शिक्षिकांना सांगत असते. पण रिकामा कप्पा हाही पुरावाच आहे.

मग तिने विचारलं, "तिरवेणी, ही बिमारी हाडात तर उतरली न्हाई ना?"

"काही नाही, थंडीने होतंय."

कागद अजून पर्समध्येच आहे.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

सकाळी मी फराळाची भगर निवडत होते. पूजेच्या कोपऱ्यातून टक्कन आवाज आला, फरशीवर काहीतरी पडल्याचा. विचारलं तर आई पाठमोरीच म्हणाली, "वाटी पडली."

दिवसभर बोलली नाही. उपवासाने थकली असेल.

१ मार्च

शिवरात्र होऊन तीन दिवस झाले तरी आई जेवत नाही, नुसतं दूध घेते. "महादेवाला बोलले व्हते," म्हणते. मी आज रागावले. अंडी नाही खात तर डाळ तरी खा, डॉक्टरांनी किती वेळा सांगितलंय, हे देवाचं नाव करून शरीराचे हाल कशाला. माझा आवाज चढला. अप्पा दारात उभे राहून ऐकत होते.

आई म्हणाली, "बरं. खाते." आणि माझ्यासमोर अर्धी भाकरी वरणात चुरून खाल्ली. घास उचलायला बोटं मिटत नव्हती.

शिकलेली म्हणून मी तिच्यावर ओरडू शकते, ही काही चांगली गोष्ट नाही.

७ मार्च

उद्या आई बोरीला जाणार, कमलबाई मावशीच्या मुलीचं लग्न. दहा दिवस. मला परीक्षेमुळे सुट्टी नाही. गोळ्यांचं पाकीट पिशवीत घातलं, आत कोणत्या दिवशी कोणती गोळी ते बाणांनी दाखवलं. तीन वेळा सांगितलं.

"तिरवेणी, मी लहान लेकरू हाय का?"

"लहान लेकरं ऐकतात तरी."

ती हसली. शिवरात्रीनंतर पहिल्यांदा.

१८ मार्च

आई आली. ओळखू येईना इतकी बदलली. पिशवी स्वतः उचलून आणली. रोज दहा मिनिटं मी तिच्या हाताला तिळाचं तेल चोळत होते, मावशीलाही तसंच करायला सांगितलं होतं, त्याचा गुण आला. मधलं बोट अडकत नाही. वाफाही कमी झाल्यात.

पाकिटातले कप्पे मोजले, बरोबर रिकामे. दहा खुणा एकदम केल्या. एकदम करताना थोडं चुकल्यासारखं वाटलं.

२५ मार्च

नांदेडला तपासणी. डॉक्टर बाईंनी वही पाहिली. "इतकी नीट वही माझ्याकडे कोणी आणत नाही," म्हणाल्या. बोटांचं वाचून थांबल्या, पण मी लगेच सांगितलं की आता सुधारलंय, तेलाने. मग पान उलटलं. आई खाली बघून पदराचं टोक गुंडाळत बसली होती.

बाहेर धम्मशीला सिस्टरने वही हातात घेतली. "एक पण खूण चुकली नाही? माझ्या आईची वही असती ना, तर माझा विश्वास बसला नसता."

हसत म्हणाल्या, पण मला राग आला. मी म्हटलं, "आमच्याकडे नियमित असतं."

सिस्टर आईकडे बघत राहिल्या. आई म्हणाली, "गाडीचा टाइम झाला."

बाकावर पोखर्णीच्या सुमनबाई भेटल्या. त्यांनाही हीच गोळी, गुडघे धरलेत. मी त्यांना तेल कसं गरम करायचं ते समजावलं आणि नंबर घेतला. आठवड्याला फोन करीन म्हटलं.

१३ एप्रिल

आज आईने चार किलो गव्हाच्या कुरडया घातल्या. साचा स्वतः दाबला, मला हात लावू दिला नाही. गच्चीवर शेजारच्या बायका जमल्या होत्या. आई त्यांना म्हणाली, "माझी लेक साच्याला भिती. फळ्यावर लिहून दाखव म्हणलं तर दाखवंल." सगळ्या हसल्या, मीही.

खाली घरात आल्यावर थोडी रडले, सुखाने. वर्षभर हे घर दवाखान्याच्या वासाचं होतं. आज चिकाचा वास होता.

एक लिहून ठेवते. हात सुधारले तरी पूजेला वेळ तेवढाच लागतो, माझी निघायची वेळ होईपर्यंत संपत नाही. विचारलं तर "सवय लागली" म्हणाली.

४ मे

सुट्टी लागली. आता मी घरी असते, पण आई मी उठायच्या आतच पूजा, गोळी सगळं उरकून मोकळी. मला बरंच आहे.

आज कपाट आवरलं. वरच्या फळीवर आईची जुनी पितळी विभूतीची डबी सापडली. उचलली तर खुळखुळ वाजली.

"ह्यात काय गं?"

"रुद्राक्षाचे मणी. माळ तुटली व्हती. ठेव जागच्या जागी."

ठेवली.

२४ जून

नांदेड. सगळं ठीक. डॉक्टर बाई म्हणाल्या, काहीच त्रास नाही? वाफा पण नाहीत? नशीबवान आहात. आई म्हणाली, "तुमची किरपा."

मी सुमनबाईंना फोनवर सांगितलं, बघा, आमच्या आईचं सगळं गेलं, तुम्ही तेल सोडू नका.

२८ जुलै, श्रावणातला पहिला सोमवार

शाळा लवकर सुटली. आई देवळात गेली होती. म्हटलं श्रावण आहे, ती पितळी डबी चिंचेने घासून ठेवू, तिला बरं वाटेल. मणी काढायला ताटलीत उपडी केली.

पिवळ्या गोळ्या.

मोजल्या. पुन्हा मोजल्या. एकशे त्रेचाळीस. वही काढून मागे गेले. आठ मार्च ते आज, आजची धरून. बोरीला गेली त्या दिवसापासून एकही नाही.

आई आली. दारातच ताटली दिसली. ती खाली बसली आणि देवळातला प्रसाद माझ्यापुढे ठेवला, जणू आधी ते करायचं ठरलेलं होतं.

मी म्हटलं, "का?"

तिने सांगितलं. तिच्या शब्दांत लिहिते, माझे घालत नाही.

"शिवरात्रीला हातातून लिंग पडलं. फरशीवर. वाटी न्हाई पडली. बोटं मिटंनात आणि मला कळलंच न्हाई कवा निसटलं. उभ्या जल्मात असं झालं न्हाई. आमची माय म्हणायची, लिंग खाली पडलं तर माणसानं जगू न्हाई. जुनी माणसं तशीच बोलायची. मी म्हणलं, जगायसाठीच तर समदं चाललंय. तीन दिस तोंडात घास घालवंना. कुणाला सांगू? मठातल्या सामीला सांगायची लाज वाटली. बोरीला गेले, लग्नाच्या गडबडीत दोन दिस गोळीचं ध्यानच न्हाई राहिलं. मग म्हणलं अजून दोन दिस बघू. आठव्या दिवशी बोटं मिटली. लिंग हातात घट्ट बसलं. तवा कळलं, गोळीचंच हाय."

"मग मला सांगायचं."

"तू काय म्हणली असतीस?"

मी 'घे' म्हटलं असतं. समजावून, ओरडून, रडून. पण 'घे'च म्हटलं असतं.

"कप्पे कशाला फोडायचीस रोज?"

"तू येऊन बघायचीस ना. हिरवी खूण करताना तुझं तोंड कसं व्हायचं. ते मोडावं वाटलं न्हाई."

"आणि टाकून का नाही दिल्या?"

"औषध टाकवत न्हाई माय."

२९ जुलै

शाळेत हजेरी घेताना एका पोराचं नाव दोनदा घेतलं. पोरं हसली.

अप्पांना सांगितलं. आईने चहा दिला तर त्यांनी बशीत ओतून तसाच ठेवला. नंतर म्हणाले, "मला का सांगितलं न्हाईस गौरा, मी काय तुझ्या लेकीसारखा शिकलेला न्हाई. मला काय कळतंय, मी कशाला ओरडलो असतो."

३० जुलै

पर्समधला कागद काढून आईपुढे ठेवला. घडीवर फाटायला आलाय.

"यात लिहिलं होतं. बोटं आखडतील म्हणून."

"कवापासून?"

"पहिल्यापासून."

"तुला माहीत व्हतं?"

"होतं."

"मी इचारलं तवा?"

"तेव्हाही."

ती कागदाकडे बघत होती. जणू आता तिला वाचता येईल.

"मला वाटलं माझंच पाप हाय. मग वाटलं माझ्याच हाताला सोसंना, बाकीच्या बाया घेतातच की. समद्यांनाच होतं व्हय?"

"बऱ्याच जणींना."

"सुमनबाईला?"

"तिचे गुडघे."

आई उठून चुलीकडे गेली. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने भात लावला. माझ्या आवडीचं आमसुलाचं सार केलं. तीन दिवस ती उपाशी बसली होती आणि मी तिला शरीराचे हाल करू नकोस म्हणून ओरडले होते. तेव्हा पर्समधून कागद काढून चार ओळी वाचायला मला दोन मिनिटं लागली असती.

तिला भीती वाटू नये म्हणून लपवलं, असं मी सहा महिने धरून चालले. खरं तर मला तिची भीती बघायची नव्हती.

५ ऑगस्ट

नांदेड. डबी सोबत नेली. डॉक्टर बाईंच्या टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं, शिवरात्रीपासून. मध्ये आई म्हणाली, "पोरीचा काय दोष न्हाई, तिला मी फसवलं." मी म्हटलं, तिला मी आधी फसवलं. डॉक्टर बाई म्हणाल्या, "तुम्ही दोघी थांबा जरा."

रागावल्या नाहीत. छाती, काख, पोट तपासलं, रक्त घेतलं, सोनोग्राफी केली. आज काही दिसत नाही म्हणाल्या. मी विचारलं, मग नुकसान झालं नाही ना?

"ते आज कोणीच सांगू शकणार नाही. पुढं कळेल, किंवा कधीच कळणार नाही. पण मार्चमध्ये मला समजलं असतं तर तेव्हाच गोळी बदलून पाहिली असती. दुसऱ्या आहेत. प्रत्येकीला प्रत्येक गोळी सारखी त्रास देत नाही."

मार्चमध्ये त्या बोटांपाशी थांबल्या होत्या. मीच पान उलटायला लावलं.

आता पांढरी गोळी दिली, सोबत कॅल्शियम, बोटांचे व्यायाम आणि दुखलं तर घ्यायचं औषध. आईला थेट विचारलं, "गौराबाई, घेणार का? खरं सांगा. नाही म्हणालात तरी मी हाकलून देणार नाही."

आईने हाताकडे बघितलं. "बोटं परत आखडतील?"

"आखडू शकतात. कमी, किंवा तेवढीच. तसं झालं तर लगेच यायचं, थांबायचं नाही."

"बघते," आई म्हणाली. हो म्हणाली नाही.

बाहेर धम्मशीला सिस्टर भेटल्या. "मार्चमध्ये मावशींना बाजूला घेऊन विचारायचं माझ्या मनात आलं होतं. गर्दी होती, राहून गेलं." मग म्हणाल्या, "आमच्याकडे देवाचं वेगळं, पण माझ्या आईचंही असंच कशात तरी अडलं असतं."

१० ऑगस्ट

औषधाच्या वहीतल्या त्या एकशे त्रेचाळीस खुणा खोडल्या नाहीत. खोडल्या तर हे घडलंच नाही असं होईल. प्रत्येक पानाखाली लाल पेनाने लिहिलं: या खुणा मी न पाहता केल्या.

मग सुमनबाईंना फोन केला. सांगितलं की आईचा गुण तेलाचा नव्हता, गोळी बंद होती म्हणून होता. तुमचे गुडघे दुखत असतील तर डॉक्टरांना सांगा, गोळी बदलता येते. माझ्यावर विसंबू नका.

त्या म्हणाल्या, "बाई, तेलानं मला तर कायबी फरक न्हाई पडला."

"मग बोलला का नाहीत? पाच महिने 'हो हो, बरं वाटतंय' म्हणत होता."

"तू एवढ्या पोटतिडकीनं फोन करायचीस. न्हाई कसं म्हणावं. तेल लावून कोपऱ्यात बसायचे मी, तुझा फोन यायच्या दिवशी."

माझ्या हिरव्या पेनाला किती जणी घाबरतात कोण जाणे.

१२ ऑगस्ट

नवी गोळी खोक्यातच आहे. आईने हात लावला नाही, मी विषय काढला नाही. विषय न काढणं मला किती जड जातं ते फक्त इथे लिहिते. एक एक दिवस जातोय.

संध्याकाळी तीच म्हणाली, "ह्याच्यातला कागद कुठंय?"

काढला. "वाच. समदं वाच. लहान लेकराचं पण वाच."

मराठी करत करत पूर्ण वाचला. आई भाजीवाल्याकडची यादी ऐकावी तशी ऐकत होती. गरम वाफा. "ते झालं." झोप न लागणं. "झालं." केस विरळ होणं. "आता राहिलेत किती, होऊ दे." मन उदास होणं. तिथे ती थांबली. "हे पण गोळीनंच व्हतं व्हय? मला वाटलं, ते माझं माझंच हाय." सांधे आखडणं मी हळू वाचलं. तिने फक्त मान हलवली.

शेवटी म्हणाली, "एवढं समदं असून बी डाक्टरीण बाई घे म्हणते, म्हंजे न घेतल्यावर काय व्हतंय ते लय वाईट असणार."

"हो."

"ते पण लिवलंय का?"

"यात नाही. पण मला माहीत आहे. सांगू?"

"सांग."

सांगितलं. रोग परत येतो तो कुठे कुठे येतो, आणि गोळीने ती शक्यता किती कमी होते. मी काहीही गाळलं नाही.

१७ ऑगस्ट

आई मठात जाऊन आली, अप्पांना सोबत घेऊन. सामींना शिवरात्रीचं सांगितलं. ते म्हणाले, आजारी माणसाच्या हातून पडलं, यात कसला अपराध, अभिषेक करून पुन्हा धारण करा. केला. पाच-सहा महिने हिने रोज चोरासारखी पूजा केली आणि सुटायला एक सकाळ पुरली.

परत आल्यावर अप्पा म्हणाले, "सामीपेक्षा हिचंच जास्त ऐकावं लागलं. दोन तास बोलत व्हती."

मग आई मला म्हणाली, "गोळी घेते. पण उद्यापासून तू पूजेला बसायचं. बोटं आखडली तर खाली हात धरायला कोण?"

माझं इष्टलिंग कॉलेजात असताना होस्टेलवर मी काढून ट्रंकेत ठेवलं होतं. मुली विचारायच्या, गळ्यात काय डबी, म्हणून. आईला ते माहीत होतं. तिने तेव्हा विचारलं नाही आणि आजही त्याचं नाव काढलं नाही. "नुसती बस," एवढंच म्हणाली.

शाळेत सांगून मी दुपारचा वर्ग घेतला.

३१ ऑगस्ट

चौदा दिवस नवी गोळी. माझ्यासमोर, पूजेनंतर. वाफा परतल्या. अप्पांनी पुठ्ठा शोधून आणला आणि काही न बोलता तिच्याजवळ ठेवला. बोटं सकाळी जड असतात, आधीइतकी नाहीत. मधलं बोट एकदा अडकलं. त्याच दिवशी सिस्टरना फोन केला, त्यांनी व्यायाम वाढवायला सांगितला.

पूजेला ती डावा हात पुढे करते, मी माझा तळहात तिच्या तळहाताखाली धरते. तिचा हात गरम आणि सुजलेला असतो. लिंग इतकं लहान, तरी वजन माझ्यापर्यंत येतं. ती बघत बसते. मला काय बघायचं ते कळत नाही, मी तिची बोटं बघते.

१४ सप्टेंबर, रविवार

काल मी केंद्रशाळेच्या बैठकीला परभणीला गेले होते, पहाटेच निघाले. पूजेला अप्पांनी हात धरला म्हणे. आई सांगत होती, "त्यांचा हात थरथरत व्हता, शेवटी मीच त्यांचा धरला."

आज वही घेऊन बसले. कालचा चौकोन. खोक्यातलं पाकीट समोरच होतं, कालचा कप्पा रिकामा. मी पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, "काल घेतली होतीस?"

आई डाळ निवडत होती. तिने पाकिटाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"काढली व्हती. घेतली न्हाई. लय वाफा यायल्या व्हत्या, म्हणलं एक दिस तरी सुटका. तिथं कोनाड्यात हाय."

कोनाड्यात बघितलं. पांढरी गोळी कागदाच्या तुकड्यावर ठेवलेली होती. झाकलेली नव्हती.

मार्चपासूनचं सगळं एकदम आठवलं. पेनाचं टोपण लावलं आणि चौकोन तसाच सोडला. या पानावर आजपर्यंत बाराच चौकोन भरलेत आणि त्यांच्या शेवटी एक पांढरा.

आईने हात झटकून डाळ बाजूला ठेवली आणि वहीवर वाकली. तिला अक्षर येत नाही, पण खुणा ती ओळखते.

"हे कालचं?"

"कालचं."

"राहू दे तसंच," ती म्हणाली. "डाक्टरीण बाईला दाखव." मग पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला. "आन आजची दे. पूजा झाली की आपली."